दोरी, खुंटी आणि बहुभुज



आजचा विषय ऐकायला शाळेतला आहे, पण त्याची एक कड थेट आपल्या शेताच्या बांधाला लागलेली आहे. म्हणून शिक्षक बंधुभगिनींच्या बरोबरीने शेतकरी मंडळींनीही तो ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

विषय आहे बहुभुज. बहुभुज म्हणजे सरळ बाजूंनी चहूकडून बंद केलेली आकृती. तीन बाजू असल्या की त्रिकोण, चार असल्या की चौकोन, पाचांचा पंचकोन, सहांचा षट्कोन, आणि पुढे हव्या तितक्या. व्याख्या एवढीच. मुले ती दोन दिवसांत पाठ करतात आणि परीक्षेत घडाघडा लिहितातही. मग एखाद्या दिवशी गुरुजी फळ्यावर चौरसच काढतात, पण एका कोपऱ्यावर उभा करून काढतात आणि विचारतात, "हा काय, सांगा पाहू?" अर्धा वर्ग ओरडतो, "पतंग!" उरलेला अर्धा गप्प बसतो. चौरस म्हणायला कोणी धजत नाही, कारण पुस्तकातला चौरस कधी कलंडत नाही.

यात मुलांचा काय दोष? त्यांनी चौरस पाहिला आहे, केलेला नाही. जी गोष्ट हाताने ताणली नाही, पायाने चालून पाहिली नाही, तिचे नाव लक्षात राहते, पण गुण कळत नाही. माझे सांगणे थोडक्यात असे आहे : बहुभुज आधी पायांनी शिकवावा, मग हातांनी, आणि सर्वांत शेवटी पेन्सिलीने. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

आता म्हणाल, यात एवढे बिघडते काय? बिघडते ते असे. चार बाजूंची मापे सांगितली म्हणजे जागा सांगितली, असा समज मुलाच्या मनात बसतो. तोच मुलगा मोठा होऊन बांधावर उभा राहतो, तेव्हाही तो समज तसाच असतो. आणि त्या समजुतीची किंमत गुंठ्यांनी मोजावी लागते. ती कशी, ते पुढे हिशेब करूनच पाहू.

सुरुवात पुण्याच्या कसबा पेठेतून करू. पुण्यातली ही सर्वांत जुनी पेठ. शहराचे ग्रामदैवत कसबा गणपती इथला. तांबट आळी इथली, कुंभारवाडाही इथलाच. उजाड झालेले पुणे जिजाबाईंनी आणि बाल शिवाजीराजांनी पुन्हा वसवले, तेव्हा याच भूमीत सोन्याचा फाळ लावून नांगर फिरवला, अशी परंपरा आहे. आज दिसतो तो लाल महाल महानगरपालिकेने १९८० नंतरच्या दशकात नव्याने बांधलेला आहे. त्याच्या पलीकडे शनिवारवाडा. त्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला. वाड्यापुढे मोकळे पटांगण आहे. भूमितीच्या गुरुजीला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार?

जुन्या पेठेची एक गंमत आहे. इथल्या आळ्या आधी पावलांनी पडल्या आणि नकाशे मागाहून निघाले. त्यामुळे एखाद्या वाड्याचा आतला चौक रेखीव काटकोनी असला, तरी बाहेरची हद्द मात्र कुठे पुढे आलेली, कुठे आत गेलेली असते. पुस्तकात न सापडणारे पंचकोन आणि सप्तकोन इथे पावलोपावली आहेत. अशा चार आळ्यांमधल्या घरांच्या एका पुंजक्याला मुलांनी चालत फेरा घालावा, हा पहिला पाठ. रहदारीचे दिवस आहेत, तेव्हा सकाळची निवांत वेळ निवडावी आणि पुढेमागे एकेक मोठे माणूस ठेवावे. खेड्यात ही अडचण नाही. मारुतीचे देऊळ आहे, शाळेची इमारत आहे, खळे आहे, गुरांचा गोठा आहे. त्यांना फेरा घाला.

फेरा कसा घालायचा? एका मुलाच्या हातात काठी द्यायची. काठीचे टोक तो चालतो त्या दिशेला, अगदी समोर. बाजू संपली, कोपरा आला, की थांबायचे, काठीसकट वळायचे आणि पुढे निघायचे. दुसरी एक मुलगी मोकळ्या जागी एका ठिकाणी उभी राहील. तिच्याही हातात काठी. चालणारा जितका वळेल तितकीच ही जागच्या जागी वळेल. मधे एक मुलगा 'वळला, वळला' असे ओरडून सांगायला हवा. हे काम मिळवायला मुले भांडतात, असा अनुभव येईल.

फेरा पुरा झाला, मूळच्या जागी मूळच्या दिशेला तोंड करून चालणारा उभा राहिला. आता जागच्या जागी वळणारीला विचारा, "तुझ्या गिरक्या किती झाल्या?" उत्तर एकच येईल : एक. देवळाला चार कोपरे असोत, गोठ्याला सहा असोत, आळीच्या पुंजक्याला अकरा असोत, पुरी गिरकी एकच. मधे भिंत आत गेली असेल तर चालणारा तिथे उलट अंगाला वळतो, तेव्हा उभी असलेली मुलगीही तेवढी मागे फिरते. गिरकीचा तेवढा भाग वजा होतो आणि पुढच्या कोपऱ्यांवर भरून निघतो. शेवटी हिशेब पुन्हा एका गिरकीवरच येतो.

गुरुजी, तुमच्या ध्यानात आलेच असेल. बहुभुजाच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश, हा जो नियम पुस्तकात चौकटीत छापलेला असतो, तोच हा. पण मुलाला तो आता पायांनी कळला आहे. प्रदक्षिणेत माणूस एकदाच पुरा फिरतो, मग देऊळ कसल्याही आकाराचे असो. एवढे कळले की पुढचे मूल आपणच काढते. सगळ्या बाजू सारख्या, सगळे कोपरे सारखे, असा षट्कोन चालायचा असेल तर दर कोपऱ्यावर किती वळायचे? ३६० भागिले ६, म्हणजे ६० अंश. अष्टकोन असेल तर ४५. शनिवारवाड्यात हजारी कारंजे आहे, ते सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे. पाकळ्यांची टोके जोडून सोळा सारख्या बाजूंचा बहुभुज मनात आणला, तर त्याच्या कडेने चालताना दर टोकाशी फक्त साडेबावीस अंश वळावे लागेल. बाजू वाढत गेल्या की वळणे लहान होत जातात आणि बहुभुज हळूहळू वर्तुळासारखा दिसू लागतो. चौथीतल्या मुलालाही हे चालून कळते.

आता दुसरा पाठ. हा दोरीचा.

बावन्न फूट सुतळी घ्या. दोन्ही टोके बांधून तिचे कडे करा आणि दर तेरा फुटांवर रंगीत चिंधी बांधा. चार चिंध्यांवर चार मुले उभी राहून दोरी ताणून धरतील. बाजू झाल्या तेरा-तेरा फुटांच्या. कोपरे काटकोनात आणले की झाला चौरस. क्षेत्रफळ तेरा गुणिले तेरा, म्हणजे १६९ चौरस फूट. आता वर्गातली लहान मुले या चौरसात मांडी घालून बसवा, अगदी दाटीने, आत जागा उरणार नाही अशी.

मग समोरासमोरच्या दोन मुलांना सांगा, "हळूहळू एकमेकांकडे या. दोरी ढिली पडू द्यायची नाही." ती दोघे जवळ आली की उरलेली दोघे आपोआप लांब जातात. चौरस दबतो, चेपतो. आत बसलेली मुले चेंगरू लागतात. हसतात, ओरडतात, आणि एकेक करून दोरीबाहेर पडू लागतात. जवळ आलेल्या दोघांमधले अंतर दहा फूट झाले की थांबवा आणि लांब गेलेल्या दोघांमधले अंतर मोजा. ते चोवीस फूट भरेल. आता आत जागा किती उरली? दोन्ही कर्ण एकमेकांना मधोमध काटकोनात छेदतात, त्यामुळे चार काटकोन त्रिकोण झाले. प्रत्येकाच्या काटकोनाच्या बाजू बारा आणि पाच. एकेकाचे क्षेत्रफळ तीस, चौघांचे मिळून १२० चौरस फूट.

पाहा बरे काय झाले! दोरी तीच. बाजू त्याच, चारी तेरा-तेरा फुटांच्या. परिमिती बावन्नची बावन्न. आणि आतली जागा १६९ वरून १२० वर आली. एकोणपन्नास चौरस फूट जागा गेली, आणि सुतळी मात्र बोटभरही कमी झाली नाही. आणखी चेपत गेलात तर शेवटी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतील आणि आत एक मूलही मावणार नाही. नुसत्या बाजू सांगून चौकोन ठरत नाही, ही गोष्ट मुलांना फळ्यावर दहा वेळा सांगा, ती विसरतील. दोरीबाहेर ढकलले गेलेले मूल ती विसरत नाही.

यालाच जोडून तिसरा पाठ. दोरीऐवजी आता बांबूच्या कामट्या घ्या. चार कामट्या टोकाशी सैल बांधून चौकट करा. ती हलते, डुलते, कलंडते. तीन कामट्यांची करा. ती हलत नाही. कितीही जोर लावा, कामटी मोडेल किंवा गाठ सुटेल, पण त्रिकोणाचा आकार बदलणार नाही. तीन बाजूंची मापे ठरली की त्रिकोण ठरला. चौकोनाला मात्र पाचवी कामटी लागते, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी. तोच कर्ण. कर्ण बसला की चौकोन जागच्या जागी घट्ट.

शेतकरी मंडळींना हे नवीन नाही. वाडग्याच्या फाटकाला सुतार तिरपी पट्टी ठोकतो ती कशाला? ती नसेल तर फाटक वर्षभरात वाकून जमिनीला घासू लागते. छपराच्या कैचीत त्रिकोणच असतात. बुरूड कोंबड्या झाकायचे डालगे विणतो, त्याची मोकळी वीण पाहा. पुष्कळ डालग्यांत कामट्या तीन दिशांनी गेलेल्या दिसतील. मधे सहा बाजूंच्या खिडक्या राहतात आणि प्रत्येक खिडकीच्या भोवती लहान लहान त्रिकोण येतात. त्या त्रिकोणांनीच वीण धरून ठेवलेली असते. मुलांना एकदा बुरुडाच्या दारी न्यावे, त्याची परवानगी घेऊन. त्याच्या बोटांत जी भूमिती आहे ती फार कमी पुस्तकांत असेल.

कामट्या मिळत नसतील तर आणखी स्वस्त साधन आहे. पुण्यात अनेक वर्षे मुलांसाठी खेळणी करणारे श्री. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन, षट्कोन आणि त्यांच्यापासून घरे व मनोरे करायची रीत देशभर पोचवली. १९७८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद भागातल्या विज्ञानशिक्षणाच्या कामात ते होते. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि गूल खरवडून टाकलेल्या काड्या, एवढ्यावर चाळीस मुलांचा वर्ग तासभर रमतो. त्रिकोण ताठ उभा राहतो, चौकोन लडबडतो, हे पाच मिनिटांत प्रत्येकाच्या हातात सिद्ध होते.

मग विचारा, पंचकोन ताठ करायला किती कर्ण लागतील? मुले करून पाहतील आणि सांगतील, दोन. षट्कोनाला? तीन. आणि त्या वेळी आत त्रिकोण किती झाले? चौकोनात दोन, पंचकोनात तीन, षट्कोनात चार. बाजूंपेक्षा दोन कमी, हा नियम कोणी न सांगता फळ्यावर येतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश हे ठाऊक असेल, तर कोणत्याही बहुभुजाच्या आतल्या कोनांची बेरीज आता हातच्या हिशेबाने निघते : त्रिकोण जितके, तितक्या वेळा १८०.

आता बांधावर येऊ. सुरुवातीला म्हटले होते की गुंठ्यांचा हिशेब करून पाहू, तो हा.

समजा, एक चौकोनी तुकडा आहे. त्याची एक बाजू ६० मीटर, समोरची ४० मीटर, आणि उरलेल्या दोन्ही तिरप्या बाजू २६-२६ मीटर. साठ आणि चाळीसच्या बाजू एकमेकींना समांतर आहेत. घरगुती रीत काय? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा. साठ आणि चाळीसची सरासरी पन्नास. सव्वीस आणि सव्वीसची सव्वीस. पन्नास गुणिले सव्वीस, १३०० चौरस मीटर. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहितात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे हे झाले तेरा आर.

पण तिरपी बाजू ही रुंदी नव्हे. दोन समांतर बांधांमधले सरळ उभे अंतर, म्हणजे लंब, मोजला तर तो भरतो २४ मीटर. खरे क्षेत्र पन्नास गुणिले चोवीस, १२०० चौरस मीटर. बारा आर. एक पुरा आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, कागदावर जास्त आला आणि जमिनीवर नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट, हे आपल्याला ठाऊकच आहे. या हिशेबाने तेरा आरांचे पैसे मोजून कोणी हा तुकडा घेतला, तर एका आराचे पैसे त्याने हवेला दिले. आणि ही चूक नेहमी एकाच अंगाला होते, बरं का. सरासरीच्या गुणाकाराने येणारा आकडा खऱ्या क्षेत्राहून कधी कमी येत नाही. तुकडा काटकोनी आयत असेल तरच तो बरोबर येतो, एरवी जास्तच येतो. विकणाऱ्याला ही रीत का आवडते, ते निराळे सांगायला नको.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे समजू नका. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आपल्या ग्रंथात ही सरासरीची रीत दिली, पण तिने येते ते स्थूल क्षेत्र, असे सांगून सूक्ष्म क्षेत्राची रीत वेगळी दिली. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत तर आणखी कडक शब्द वापरले आहेत. चौकोनाच्या नुसत्या बाजू देऊन, लंब किंवा कर्ण यांपैकी काहीच न सांगता, जो त्याचे नेमके क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो त्याला तर त्याहून वाईट ठरवतात! त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापला. त्याचा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. कर्ण विचारा, असे बजावणारा ग्रंथ आपल्या मातीत शिकवला जात होता.

मोजणीच्या साधनांचीही परंपरा आपल्याकडे आहे. शिवकालात जमीन काठीने मोजत. काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. इंग्रजी अमदानीत पैमाष झाली ती शंकू आणि साखळीने. साखळीने लांबी मोजायची, शंकूने लंब साधायचा. आज भूमी अभिलेख खात्याकडे उपग्रहांच्या मदतीने कोपऱ्यांची जागा दाखवणारी यंत्रे आली आहेत. पण यंत्र काय करते? कोपरे सांगते. त्या कोपऱ्यांना जोडणारा बहुभुज आणि त्याचे क्षेत्र हा हिशेब तोच जुना आहे.

शंकुसाखळीची ही रीत शाळेच्या मैदानावर सहावी-सातवीच्या मुलांना सहज करता येते. हा चौथा पाठ. साहित्य : दोरी, मीटरची फीत, पाच-सहा खुंट्या, फक्की, आणि लंब साधायला शंकू. शंकू घरी करा. लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर काटकोनात ठोका, चारी टोकांना एकेक खिळा उभा करा आणि ही फुली एका काठीच्या माथ्यावर बसवा. समोरासमोरच्या दोन खिळ्यांतून नजर लावली की एक रेषा, उरलेल्या दोन खिळ्यांतून नजर लावली की तिच्यावर लंब. पट्ट्या काटकोनात आहेत की नाहीत हे कसे पाहायचे? गवंड्याला विचारा. तो एका अंगाला तीन, दुसऱ्या अंगाला चार मोजतो, आणि तिरपे पाच भरले की गुण्या बरोबर म्हणतो. सारख्या बारा भागांच्या गाठी मारलेल्या दोरीच्या कड्यानेही हेच होते. यज्ञाच्या वेदी आखताना आपल्याकडे दोरीनेच काटकोन काढत. शुल्बसूत्रांतल्या शुल्ब शब्दाचा अर्थच मुळी दोरी.

आता मैदानावर कसाही वेडावाकडा पंचकोन खुंट्यांनी आखा. त्यातल्या सर्वांत लांब कर्णावर दोरी ताणा. समजा, ती २० मीटर भरली. दोरीच्या एका अंगाला एक कोपरा आहे, त्याचा दोरीपर्यंतचा लंब ६ मीटर. तो त्रिकोण झाला ६० चौरस मीटरचा. दुसऱ्या अंगाला दोन कोपरे. एकाचा लंब दोरीच्या टोकापासून ५ मीटरवर येतो आणि त्याची लांबी ८. दुसऱ्याचा १५ मीटरवर येतो आणि लांबी ४. मग या अंगाला तीन तुकडे : पहिला त्रिकोण, पाच गुणिले आठचे निम्मे, २०. मधला तुकडा, आठ आणि चार यांची सरासरी सहा, गुणिले दहा, ६०. शेवटचा त्रिकोण, पाच गुणिले चारचे निम्मे, १०. एकूण ९०. दोन्ही अंगे मिळून १५० चौरस मीटर, म्हणजे दीड आर. ज्या मुलाने हे स्वतः मोजले, त्याला मोजणीचा नकाशा हातात दिला तर तो भांबावणार नाही. सरकारी मोजणी ती सरकारी मोजणी. शाळेतल्या दोरीने कोणाच्या बांधाचा निवाडा करायचा नाही, हे मुलांनाही सांगावे आणि पालकांनाही. पण नकाशा वाचणारे एक माणूस घरात असले, तर वाटणीच्या वेळी निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

आणि हो, दोरी मुलींच्याही हाती द्या. पुष्कळ शाळांत मुले मोजतात आणि मुली वहीत आकडे लिहितात. हे बदलले पाहिजे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या कायद्याने मिळाला. हक्क कागदावर आला, पण बांध कुठून कुठे जातो हे जिला ठाऊक नाही, तिला तो सांभाळता कसा येणार? उद्या ती सही करील, तेव्हा कर्ण मोजला का, असे विचारण्याइतकी भूमिती तिच्यापाशी असावी.

शिक्षकांच्या अडचणी मी जाणतो. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. बाहेर नेले की मुले गोंगाट करतात. कोणी म्हणते, पालक विचारतात, पोरं शिकतात की खेळतात? याला उत्तर इतकेच की चार पाठांना चार तास लागतात, आणि ते चार तास पुढे दहा तासांची घोकंपट्टी वाचवतात. गोंगाटाचे म्हणाल, तर प्रत्येकाला काम असले की गोंगाट कमी होतो. चाळीस मुले असतील तर आठ-आठांच्या पाच टोळ्या करा. दोघे दोरीला, दोघे खुंट्यांना, एक शंकूला, एक फितीला, एक वहीला, आणि आठवा दुसऱ्या टोळीचे माप तपासायला. ज्या मुलाला चालायला त्रास होतो, त्याला शंकूची नजर द्यावी. ते काम बसूनही होते आणि सगळ्यांत मानाचे आहे. दोन टोळ्यांची मापे जुळली नाहीत तर उत्तम. कोण चुकले हे शोधण्यात जे शिक्षण होते, ते बरोबर उत्तरात होत नाही.

शाळेबाहेर शिक्षण ही काही नवलाची गोष्टही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा असे नाव दिले. शंख, शिंपले, बिया, पाने हे त्यांचे साहित्य. महागड्या साधनांवाचून शिकवता येते, हे त्या दोघींनी याच महाराष्ट्रात करून दाखवले.

एक पथ्य मात्र पाळा. मैदानावर झाले ते त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे. पायांनी चाललेला फेरा, दोरीचा चेपलेला चौकोन, मोजलेला पंचकोन, यांच्या आकृत्या मुलांनी प्रमाण घेऊन काढाव्यात. एक मीटरला अर्धा सेंटिमीटर घेतला, तर वीस मीटरचा कर्ण दहा सेंटिमीटरचा होतो आणि वहीच्या पानात छान मावतो. आणि पुस्तकातली व्याख्या त्यानंतर वाचावी. मग ती पाठ करावी लागत नाही. आपणच केलेल्या कामाचे नाव म्हणून ती मुलाला आवडते.

या आठवड्यात एवढेच करा. बावन्न फूट सुतळी आणा, चार चिंध्या बांधा आणि मुलांना मैदानावर न्या. आणि शेतकरी मंडळी, तुमच्याकडे एखादा चौकोनी तुकडा असेल, तर संध्याकाळी मुलाला, मुलीला घेऊन बांधावर जा. चारी बाजू मोजा, आणि मग पाचवे माप घ्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात. पीक उभे असेल तर तुडवू नका, सुगीनंतर जा. जमीन कुठे पळून जात नाही.